वरच्या घराची गोष्ट

पनवेलच्या पूर्वेला जी डोंगररांग दिसते, तिच्या एका माचीवर आमचं घर आहे. 'आमचं' म्हणायची सवय अजून गेलेली नाही. येणारे लोक त्याला होमस्टे म्हणतात, कुणी लॉज म्हणतं, मोबाइलच्या नकाशावर त्याला काहीतरी इंग्रजी नाव आहे. ज्या मावशींच्या जागेवर ते उभं आहे त्या मात्र पहिल्यापासून त्याला 'वरचं घर' म्हणतात, कारण त्यांचं स्वतःचं घर त्याच्या जरा खाली आहे. मीही तेच म्हणते.

मुळात तो गोठा होता. मावशींच्या नवऱ्याची बैलजोडी तिथे बांधलेली असायची. बैल गेले, पुढे नवराही गेला, मुलगा तळोज्याला कंपनीत लागला आणि तिकडेच खोली घेऊन राहिला. गोठ्याचं छप्पर एका बाजूने बसलं, भिंतीतल्या कारवीच्या काठ्या उघड्या पडल्या. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यात फक्त सरपण आणि एक मोडकी खाट होती.

मी तिथे पोचले ते चुकून. माझा नवरा जाऊन तेव्हा दोनेक महिने झाले असतील. ऑफिसात खुर्चीतच त्याला हार्ट अटॅक आला, घरी परत आला तो अँब्युलन्समधून. मी शाळेत गणित शिकवायचे. सुट्टी संपल्यावर शाळेत जायला लागले, वर्गात उभी राहून शिकवायलाही लागले, पण घरी आले की दिवा न लावता बसायचे. नवीन पनवेलला आमच्या सोसायटीपासून दोन बिल्डिंगा सोडून माझी मैत्रीण राहते. आमची ओळख मुलं लहान असल्यापासूनची. ती माझ्या अगदी उलट. सोसायटीच्या गणपतीत नाटकं बसवायची, भाजीवाल्याशीही दहा मिनिटं बोलायची. तिनेच एका रविवारी मला जवळजवळ ओढत इथल्या गडावर ट्रेकला नेलं. कॉलनीतली दहा-बारा माणसं होती. मी मागे पडले, एका फाट्यावर चुकले आणि चढत चढत मावशींच्या अंगणात जाऊन उभी राहिले.

मावशी अंगण सारवत होत्या. त्यांनी हात धुतले, पाणी दिलं, कुठून आलात एवढंच विचारलं. मग तांदळाची भाकरी आणि लसणाची चटणी पुढे ठेवली. मी खाल्लं. कित्येक दिवसांनी मला भूक लागल्याचं कळलं. नंतर तिथेच ओटीवर आडवी झाले आणि झोपले. मैत्रीण शोधत शोधत आली तेव्हा मावशींनी तोंडावर बोट ठेवून तिला गप्प बसवलं म्हणे. उठले तेव्हा ती माझ्या उशाशी बसून होती. बाकीची माणसं केव्हाच गड उतरून गेली होती.

त्यानंतर आम्ही दोघी जातच राहिलो. दर रविवारी नाही, पण महिन्यातून दोनदा तरी. मावशी मला 'बाई' म्हणायच्या, शाळेतली म्हणून, आणि तिला 'ताई'. अशाच एका दुपारी ओटीवर बसलेलो असताना मी मैत्रिणीला एक गोष्ट सांगितली. माझा नवरा रोज संध्याकाळी पनवेल स्टेशनला उतरला की घरी फोन करायचा आणि विचारायचा, "काय आणू?" बहुतेक वेळा काहीच आणायचं नसायचं. पण त्याला रिकाम्या हाताने येणं आवडायचं नाही, म्हणून मी म्हणायचे, कोथिंबीर आण. फ्रिजमध्ये असली तरी म्हणायचे. तो गेल्यावर त्या वेळेला मी स्वयंपाकघरात उभी राहायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "कोथिंबीर आण." कुणी ऐकलं असतं तर वेड लागलं म्हणालं असतं. हे मी मुलीलाही सांगितलं नव्हतं. ती तेव्हा बंगलोरला होती आणि तिचं दुःख तिच्यापाशी पुरेसं होतं. मैत्रिणीने ऐकलं आणि ती फक्त माझा हात धरून बसली. तिच्यासारखी बडबडी बाई गप्प बसली याचं मला तेव्हा फार बरं वाटलं.

गोठ्याचं घर करायचं हे कुणाच्या डोक्यात आधी आलं ते आता सांगता येणार नाही. मावशी म्हणाल्या, पडतंय तर पडू दे. मैत्रीण म्हणाली, नीट केलं तर लोक राहायला येतील, मावशींना घरबसल्या काम मिळेल. मी मापं घेतली. वाडीतल्या माणसांनी कारवी तोडून आणली, काठ्या उभ्या बांधून वर शेणमातीचा लेप दिला. कौलं खालच्या गावातून डोक्यावर वाहून वर आली. आम्ही दोघींनीही पाच-पाच, सहा-सहा करत वाहिली आणि दुसऱ्या दिवशी मान हलेना म्हणून एकमेकींना बाम लावत बसलो. बैलांची गव्हाण काढायची नाही असं मी ठरवलं. तिच्यावर फळी टाकली की बसायला बाक झाला. पाहुणे अजून त्यावर पाय हलवत बसतात.

घराचे काही गुण पहिल्यापासूनचे होते आणि ते बदलले नाहीत. दार उचलून लावावं लागतं, नाहीतर जमिनीला घासून अर्ध्यात अडकतं. वारा सुटला की कौलं एकमेकांशी कुरकुरतात. दमट हवेत भिंतींना बैलांचा वास येतो. आणि कुडाच्या भिंती असल्यामुळे आत बोललेलं सगळं बाहेर ऐकू जातं, बाहेरचं आत. नव्याने लग्न झालेली जोडपी येत तेव्हा मैत्रीण त्यांना हे हसत हसत आधीच सांगून टाकायची. सगळ्यांनी एका लांब खोलीत गाद्या टाकून झोपायचं, आपलं ताट आपण धुवायचं, स्पीकर लावायचा नाही, हे आमचे नियम. चुलीवर मावशी. भाकरी, पिठलं, वांग्याची भाजी आणि ठेचा. संध्याकाळी पडवीत बसलं की खाली पनवेल, पलीकडे खारघर आणि आता विमानतळाचे दिवे दिसतात.

लॉकडाऊनच्या उन्हाळ्याअखेर वादळ आलं आणि अर्धी कौलं उडाली. आम्ही दोघी पोलिसांची परवानगी काढून वर गेलो. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी म्हटलं, आता पुरे. मैत्रीण म्हणाली, पुरे कसं? तिने पदर खोचला आणि फुटक्या कौलांतून धड कौलं वेचायला बसली. त्या दिवशी ती नसती तर वरचं घर तिथेच संपलं असतं, हे मी आजही कुणालाही सांगेन.

गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बरेच महिने डोंगर चढायचा नाही म्हणून बजावलं. मैत्रीण सगळं एकटीने बघायला लागली. खाली आली की डबा घेऊन मला भेटायला यायची, वरच्या गमती सांगायची. पाहुणे फार वाढलेत म्हणाली. पुण्याहून, मुंबईहून आयटीतली मुलं येतात, पुन्हा पुन्हा येतात. मी विचारलं, एकदम कसे काय वाढले? ती म्हणाली, "लोकांना आपलं घर आवडतं, अजून काय." मला अभिमान वाटला.

गुडघा जरा बरा झाला तसं मी ठरवलं की न कळवता जायचं. एका शनिवारी दुपारी काठी घेऊन निघाले, बसत बसत चढले. पोचले तेव्हा उन्हं कलली होती. मागच्या बाजूने, मावशींच्या घरावरून वर आले. पडवीतून हसण्याचा आवाज आला, मग तो एकदम थांबला. मैत्रीण बोलत होती. तिचं बोलणं मोडू नये म्हणून मी कोपऱ्यावरच भिंतीला टेकून उभी राहिले. गुडघाही दुखत होता.

ती सांगत होती की तिचा पाठचा भाऊ अचानक गेला. ऑफिसात, खुर्चीत बसल्या बसल्या. त्यानंतर ती घरी दिवा न लावता बसायची. मग एका रविवारी ती डोंगरात आली, वाट चुकली आणि एका अंगणात येऊन उभी राहिली. तिथे एक बाई सारवत होती.

मला आधी कळलंच नाही. मला वाटलं, तिच्या कुणाचं तरी काही झालंय आणि तिने मला सांगितलं नाही. मग आठवलं, हिला भाऊच नाही. या तिघी बहिणी.

"तो रोज संध्याकाळी स्टेशनवरून फोन करायचा," ती म्हणाली. आवाज खाली आणला होता. नाटकाच्या तालमीत ती मुलांना शिकवायची तसा. "विचारायचा, ताई, काय आणू? मी म्हणायचे, कोथिंबीर आण. तो गेल्यावरही त्या वेळेला मी रिकाम्या घरात उभी राहून म्हणायचे, कोथिंबीर आण."

कुणीतरी नाक ओढलं. एका मुलीने हळूच विचारलं, "तुमच्या भावाचं नाव काय होतं?"

"मी नाव घेत नाही त्याचं," मैत्रीण म्हणाली.

हेही माझंच होतं. नवरा गेल्यापासून मी त्याचं नाव तोंडाने घेत नाही, हे तिने कधीतरी ओळखलं असणार. मी तिला ते सांगितलेलंही नव्हतं.

मी तिथून हलले नाही. मावशी भाकऱ्यांची टोपली घेऊन खालून येत होत्या, त्यांनी मला पाहिलं आणि थबकल्या. टोपली तिथेच दगडावर ठेवून त्यांनी माझा दंड धरला आणि मला त्यांच्या घरी खाली नेलं. पाणी दिलं. मी विचारलं, हे कधीपासून चाललंय? त्या चुलीतलं लाकूड पुढेमागे करत राहिल्या. मग म्हणाल्या, "लय दिवस झाले, बाई. ती बोलाय लागली का मी हिकडं चुलीकडं येते."

"मला सांगितलं नाहीत."

"कसं सांगू? तुमी दोघी येक. मला वाटलं, तुमी सांग म्हनला असाल. मग वाटलं, नाय म्हनला असाल. पन इचारलं नाय."

मी त्या दिवशी मावशींकडेच राहिले. वर कुणाला कळवू नका म्हटलं, त्यांनी कळवलं नाही.

सकाळी पाहुणे गडावर गेले तसे मावशींनीच तिला खाली बोलावलं असावं. ती आली ती हसत आली. "अगं, कधी आलीस? कळवायचं तरी. गुडघा काय म्हणतोय?"

"काल संध्याकाळीच आले," मी म्हटलं. "तुझी गोष्ट चालली होती."

ती खाली बसली. ओटीच्या कडेला, तिथेच, जिथे ती पूर्वी माझ्या उशाशी बसून राहिली होती. मला वाटलं होतं की ती काहीतरी बोलून सारवासारव करेल. तिला बोलण्यात कुणी हरवलेलं नाही. पण तिने तसं केलं नाही, आणि जे सांगितलं ते ऐकून मला जास्त त्रास झाला.

ती म्हणाली की सुरुवातीला एका मुलीने विचारलं होतं, तुम्ही इथे कशा आलात? "माझं खरं उत्तर एवढंच आहे की मी तुला शोधत तुझ्यामागून आले. ते सांगायला तोंड उघडलं आणि सांगावंसं वाटेना. एवढी वर्षं मी इथे राबतेय, आणि माझं इथे येण्याचं कारणसुद्धा माझं नाही."

"म्हणून भाऊ आणलास?"

"नवरा कसा म्हणू? तो खाली जिवंत बसलाय." हे ती विनोद म्हणून बोलली नाही. "पहिल्यांदा सांगितलं तेव्हा लोक रडले. जाताना मिठ्या मारून गेले. पुढच्या खेपेला आणखी माणसं घेऊन आले. आणि खरं सांगू, सांगता सांगता मला तो भाऊ दिसायला लागला."

मी विचार करून बोलणारी बाई आहे, पण त्या वेळी विचार न करता तोंडातून गेलं. "कोथिंबीर तरी माझ्याकडे राहू द्यायचीस."

त्यावर ती रडली. मी रडले नाही. तिने हात पुढे केला तो मी घेतला नाही. परत सांगणार नाही असं ती दोनतीनदा म्हणाली आणि मी बरं म्हणून उतरायला लागले. उतरताना गुडघ्यात कळा येत होत्या आणि मला त्या कळांचं बरं वाटत होतं, कारण त्यामुळे दुसरं काही सुचत नव्हतं.

त्यानंतर आमचं बोलणं तुटलं असं नाही. ती फोन करायची, मी उचलायचे. कसं चाललंय, ठीक. मी मनाची समजूत घालत होते. तीस वर्षांची मैत्री. वादळात वेचलेली कौलं. रोज संध्याकाळी मात्र एक नवीनच त्रास सुरू झाला. घड्याळात ती वेळ झाली की मला नवऱ्याचा आवाज आठवायच्या आधी तिचा आवाज आठवायचा, ताई, काय आणू. माझा नवरा मला ताई कशाला म्हणेल? पण माझ्या डोक्यात तो आता तसं म्हणायला लागला होता.

थंडी पडायला लागली तेव्हा आमच्या मजल्यावरची मुलगी ऑफिसच्या ग्रुपबरोबर डोंगरात जाऊन आली. मी काही वर्षं तिला गणित शिकवलं होतं, त्यामुळे ती हक्काने येते. वरच्या घराचं मात्र मी सोसायटीत कधी कुणाला सांगितलेलं नव्हतं. चहा घेता घेता म्हणाली, काकू, तुम्ही पूर्वी डोंगरात जायचात ना, मग तुम्ही या ठिकाणी गेलंच पाहिजे. त्या घराची काय गोष्ट आहे! ते चालवणाऱ्या बाईंची एक मैत्रीण होती. तिचा नवरा अचानक गेला. ती पार खचून गेली, रिकाम्या घरात नवऱ्याशी बोलायची, कोथिंबीर आण म्हणायची. तर या बाईंनी तिला डोंगरात आणलं, सावरलं आणि तिला जगायला कारण मिळावं म्हणून ते घर बांधलं.

मी विचारलं, "मग ती मैत्रीण आता कुठे असते?"

"ते नाही विचारलं कुणी," ती म्हणाली. "बहुतेक गेली असेल बिचारी."

मी तिला आणखी एक खारी दिली. ही मैत्रीण म्हणजे मीच, हे सांगावंसं मला वाटलं नाही. सांगितलं असतं तर तिने मला वरच्या घराच्या गोष्टीतली बाई म्हणूनच पाहिलं असतं, आणि आमच्या मजल्यावर तरी मला ते नको होतं.

ती गेल्यावर मी मैत्रिणीला फोन केला आणि यापुढे मी वर येणार नाही, माझं त्या घराशी काही राहिलं नाही असं सांगितलं. तिला लगेच कळलं कशाबद्दल ते. ती दुखावलेल्या आवाजात म्हणाली, "अगं पण आता तर मी तुझं म्हणूनच सांगते. खरं तेच सांगते."

"खरं सांगतेस," मी म्हटलं. "पण सांग असं मी म्हटलं नव्हतं."

तिचं म्हणणं असं पडलं की गोष्ट फक्त माझी नाही, घराचीही आहे, आणि घर तिचंही आहे. तेही खरं. घराचा इतिहास सांगायचा तर मी त्यात येणारच. मला वगळलं तर ते पुन्हा खोटंच होईल. पण तिने मला त्यात ज्या जागी बसवलं ती जागा माझी नाही. मला कुणी सावरलं नाही. मी एका अनोळखी बाईच्या ओटीवर जेवले आणि झोपले, आणि मग मापं घेऊन एका गोठ्याचं घर केलं. हे कुणाला रडवण्यासारखं नाही, हे मला मान्य आहे.

मावशी तिच्याबरोबरच राहिल्या. त्यांचं पोट त्या चुलीवर आहे, त्यांनी काय करावं असं माझं म्हणणं नव्हतं. तरी लागलं. पनवेलच्या बाजारात भाजी घेऊन आल्या होत्या तेव्हा भेटल्या. म्हणाल्या, "तुमची गोधडी हाय वर, भांडीबी हायेत. कुनाला देत नाय मी." मग आठवड्याच्या मधल्याच एका दिवशी, पाहुणे नसतील असा अंदाज घेऊन मी सामान आणायला गेले.

मैत्रीण वर होती. एकटीच, गाद्या उन्हात टाकत होती. तिने माझी दोन पातेली आधीच घासून गव्हाणीवर काढून ठेवली होती. गोधडी मोठी आहे, दोघांना पुरेल अशी. तिची घडी एकटीला घालता येत नाही. मी एक बाजू उचलली तर तिने दुसरी धरली. टोकं जुळवत आम्ही पुढे आलो, मागे झालो, पुन्हा पुढे आलो. इतक्या वर्षांत या पडवीत शेकडो पांघरुणांच्या घड्या आम्ही अशाच घातल्या होत्या आणि हात आपोआप चालत होते. शेवटी टोकं तिच्या हातातून माझ्या हातात आली तेव्हा आमच्यात वीतभर अंतर होतं. ती काहीतरी बोलणार असं वाटलं. मी घडी छातीशी धरली आणि वळले.

मावशींनी खालपर्यंत पातेली आणून दिली. रिक्षा येईपर्यंत आम्ही रस्त्याच्या कडेला बसलो. त्यांनी मला कमरेच्या पिशवीतली सुपारी दिली, पाहुणे कमी झालेत की वाढलेत ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. रिक्षा आली. घरी पोचले तेव्हा गोधडीला धुराचा वास होता. मी ती तशीच गॅलरीत वाऱ्यावर टाकली आणि दुसऱ्या दिवशी धुवायला टाकली.